सात जीबी

माझ्या मित्राने लिहिलेला बुद्धिबळाचा प्रोग्रॅम एका रविवारी दुपारी, जिंकत आणलेल्या डावात, मधेच बंद पडला. तो का पडला हे मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. मित्राला मी ते सांगितलं दोन वर्षांनी, हॉस्पिटलमधल्या त्याच्या खाटेशी उभं राहून. सांगायचं आहे ते एवढंच. पण ते नीट सांगायला हवं.

नगरला कॉलेजात आम्ही एका वर्गात होतो. मी शहरातलाच, तो कोल्हारचा, हॉस्टेलवर राहणारा. मेसमधली जेवणं उरकली की ताटं सरकवून तो त्या ओल्या टेबलावरच पट मांडायचा. तीन वर्षांत आम्ही किती डाव खेळलो असू कोण जाणे. मी जिंकलेले दोन आठवतात, आणि त्यातल्या एका दिवशी त्याला ताप होता.

प्रोग्रॅमिंगमध्येही तो माझ्या पुढे होता. मार्क मात्र मला जास्त पडायचे. मी पेपर पूर्ण सोडवायचो. तो एखादा प्रश्न आवडला की त्यातच रमायचा आणि बाकीचा पेपर कोरा ठेवून बाहेर यायचा. "तेवढा एकच प्रश्न भारी हुता," असं वर सांगायचा.

शेवटच्या वर्षाला असताना त्याचे वडील गेले. परीक्षा देऊन तो गावी गेला तो तिथलाच झाला. घरी आई, थोडा ऊस, दोन गायी. गावातल्या दूध संकलन केंद्रावर त्याला काम मिळालं. सकाळी आणि संध्याकाळी दूध घ्यायचं, मशीनवर फॅट बघायचं, पावती काढून द्यायची. मधली दुपार मोकळी. मला आमच्याच कॉलेजात कॉम्प्युटरच्या लॅबवर नोकरी लागली आणि पुढे मी शिकवूही लागलो. गुणवत्तेवर नोकरी द्यायची असती तर ती त्याला मिळाली असती. हे मला तेव्हाही माहीत होतं, आणि मनात कुठेतरी टोचतही होतं.

त्या मोकळ्या दुपारींत त्याने बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम लिहायला घेतला. नाव ठेवलं 'प्यादं'. केंद्राच्या मागच्या खोलीत, दुधाच्या कॅनच्या वासात, एका जुन्या कॉम्प्युटरवर त्याने तीन-चार वर्षं तो लिहिला. लग्न झालं, मुलगी झाली, तरी दुपार प्याद्याचीच राहिली. वहिनी अंगणवाडीत होत्या. त्या सुटल्यावर केंद्रावर येऊन जेवायला हाक मारायच्या आणि हा "आलो, आलो" म्हणत तासभर उठायचा नाही.

मी कधी गेलो की तो मला सगळं समजावून सांगायचा. असल्या प्रोग्रॅमचं अर्धं बळ मेमरीत असतं, हे मला त्याच्याकडूनच कळलं. बुद्धिबळात एकाच स्थितीला अनेक वाटांनी पोचता येतं. आधी घोडा काढा मग उंट, किंवा आधी उंट मग घोडा, पट शेवटी तोच दिसतो. मग एकदा तपासलेली स्थिती पुन्हा कशाला तपासायची? म्हणून प्रोग्रॅम तपासलेल्या स्थिती मेमरीत एका मोठ्या तक्त्यात मांडत जातो. त्याला हॅश टेबल म्हणतात. आम्ही नुसतं 'हॅश' म्हणायचो. तक्ता जितका मोठा, तितकी पुन्हा पुन्हा करायची मेहनत कमी.

पण तक्ता किती मोठा करायचा हे एकट्या प्रोग्रॅमच्या हातात नसतं. जागा देणारी ऑपरेटिंग सिस्टिम असते. त्याच्या कॉम्प्युटरला चार जीबी रॅम होती, पण वर बसलेली विंडोज जुनी, बत्तीस बिटांची. ती एका प्रोग्रॅमला दोन जीबीच्या पुढे जाऊच द्यायची नाही.

"घर आपलं, पण दोनच खोल्यांत राहायचं," तो म्हणायचा. "बाकीच्या खोल्यांना कुलूप. चावी पण आपल्याकडं न्हाई."

मीच त्याला म्हटलं, लॅबला ये. आमच्याकडे नवी मशीन आली होती, आठ जीबीची, त्यांवर विंडोजच्या जागी लिनक्स होतं, त्याला दोन जीबीची अट नव्हती. मग तो महिन्यातून एखाद्या रविवारी सकाळचं दूध उरकून एसटीने नगरला यायला लागला. खिशात पेनड्राइव्ह आणि पिशवीत पेरू. लॅब बंद असायची, किल्ली माझ्याकडे.

पहिल्या दिवशी प्यादं त्या मशीनवर धावलं तेव्हाचा त्याचा चेहरा मला अजून दिसतो. खुर्ची पुढे ओढली आणि आकड्यांकडे बघत राहिला. थोड्या वेळाने म्हणाला, "गंमत बघ. मी चार जीबी मागितली. सिस्टिम म्हणती, दिली. पण वापरात बघ किती दिसतीय."

मी बघितलं. जेमतेम काही एमबी होती. प्यादं विचार करायला लागलं तसा आकडा हळूहळू चढत गेला.

चहाच्या टपरीवर त्याने मला ते उलगडून सांगितलं. "विंडोजला जागा मागितली की ती आधी हिशोब बघती. तेवढी असली तर आपल्या नावानं राखून ठेवती, नसली तर तोंडावर न्हाई म्हणती. लिनक्स मोठ्या मनाचं. माग म्हणतं, आपल्या ऐपतीभायेर नसलं म्हंजी झालं. पण खरी जागा देतं तू तिथं पहिल्यांदा काही लिहिशील तवा. तोवर नुसता शब्द."

"आणि तेव्हा जागा उरलीच नसेल तर?"

"तर ते बघतं सगळ्यात जास्त जागा कुणी अडवलीय. आणि त्याला मारतं. इचारत न्हाई, सांगत न्हाई." त्याने कप खाली ठेवला. "म्हणून आठच्या मशीनवर चारच ठेवायची. मशीनला बाकीची पण कामं असत्यात."

हे मला त्याने स्वतः सांगितलं होतं. मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

त्याच सुमारास हौशी लोकांनी लिहिलेल्या प्रोग्रॅमची एक ऑनलाइन स्पर्धा होती. ज्याने त्याने आपल्या मशीनवर आपला प्रोग्रॅम चालवायचा, चाली आपोआप इकडून तिकडे जाणार. त्याने नाव दिलं. दोन शनिवार-रविवार, सगळे डाव आपल्याकडच्या दुपारी. मशीन लॅबचं, म्हणून ते मांडून सुरू करण्याचं काम माझं. शनिवारी संध्याकाळी त्याला दुधावर परत जावं लागे. रविवारी वहिनी केंद्र सांभाळत.

प्यादं इतकं चांगलं खेळेल असं आम्हाला दोघांनाही वाटलं नव्हतं. शेवटच्या रविवारी शेवटचा डाव उरला तेव्हा तो जिंकला तर तिसरा नंबर येणार होता. समोर परदेशातल्या एका माणसाचा प्रोग्रॅम होता. तो माणूस वीस वर्षं हेच करत होता.

त्या दिवशी मित्र यायच्या आधी मी लॅब उघडली, मशीन लावलं, प्याद्याची सेटिंग भरायला बसलो. हॅशच्या चौकटीत चार लिहायचं. मी सात लिहिलं.

का लिहिलं, याचं उत्तर मी खूप वेळा शोधलं आहे. मोठा तक्ता म्हणजे जास्त बळ, हे कारण होतंच. पण खरं असं की त्या प्रोग्रॅममध्ये माझी एक ओळसुद्धा नव्हती. तिसरा नंबर आला असता तर तो सगळा त्याचा असता, आणि मी किल्लीवाला. त्यात आपलंही काही असावं असं मला वाटलं. डाव संपल्यावर सांगणार होतो की सात ठेवली होती, म्हणून अजून भारी खेळलं. लिनक्सने हू की चू न करता सात जीबी दिली. म्हणजे, देतो म्हटलं.

तो आला. पेरूची पिशवी टेबलावर ठेवली आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला, म्हणजे कशाला हात लागायला नको. डाव सुरू झाला. पंचविसाव्या चालीच्या आसपास प्याद्याने एक प्यादं मारलं. पुढे उंट-घोड्याची अदलाबदल झाली आणि समोरच्याचा राजा उघडा पडायला लागला. स्पर्धेच्या पानावर लोक डाव बघत होते, लिहीत होते, ते वाचायला मिळावं म्हणून मी त्याच मशीनवर ब्राउझर उघडला. कुणीतरी लिहिलं होतं की भारतातला हा नवा प्रोग्रॅम कोण? मी ते त्याला वाचून दाखवलं. तो हसला, पण नजर पटावरच.

बेचाळिसावी चाल झाली. मग माऊस अडकत चालायला लागला. पडदा थिजला. दहा-पंधरा सेकंद काहीच हललं नाही. मग पडदा पुन्हा हलता झाला, आणि प्यादं ज्या खिडकीत चाललं होतं तिथे एकच शब्द होता: 'किल्ड', म्हणजे मारलं.

प्रोग्रॅम बंद पडला तर डाव गेला, असा नियम होता. स्पर्धेच्या पानावर समोरच्याच्या नावापुढे एक गुण चढला. त्या माणसाने लिहिलं की हा डाव मी हरत होतो, वाईट वाटलं.

माझा मित्र बराच वेळ त्या शब्दाकडे बघत होता. मग हळू आवाजात म्हणाला, "गळती हाय."

प्रोग्रॅम घेतलेली मेमरी परत न करता नवी नवी घेत राहिला तर तिला गळती म्हणतात. लिहिणाऱ्याची ती चूक असते.

"परवाच मी त्यात हात घातला हुता," तो म्हणाला. "तिथंच काहीतरी घाण करून ठिवली मी." मग माझ्याकडे वळून विचारलं, "हॅश चारच ना?"

"चारच," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. पुढे काही विचारलं नाही.

संध्याकाळच्या गाडीला मी त्याला तारकपूर स्टँडवर सोडलं. पेरू लॅबमध्येच राहिले होते. परत येऊन मी मशीनची नोंदवही, म्हणजे सिस्टिम स्वतः काय झालं ते लिहून ठेवते ती फाईल, उघडली. मेमरी संपली, अमुक प्रोग्रॅमला मारलं, अशी ओळ होती. प्याद्याने किती जागा घेतली होती तोही आकडा होता. शंकेला जागाच नव्हती. तक्ता चालीगणिक भरत गेला, ब्राउझरने आपला वाटा घेतला, आणि दिलेला शब्द पाळायची वेळ आली तेव्हा सिस्टिमकडे जागा उरली नव्हती. प्याद्यात काहीही चूक नव्हती.

मी सातचे चार केले. सुट्टीत त्या मशीनवरचं सगळं पुसून सिस्टिम नव्याने टाकायचीच होती. ती टाकली, तशी ती ओळही गेली.

त्याने लगेच शोध सुरू केला. दुपारी मला फोन यायचा. आज अमुक भाग तपासला, तिथं न्हाई. आज तमुक बदललं, सहा तास चालवलं, इथल्या विंडोजवर काहीच होत न्हाई. मी ऐकायचो. एकदा तो मुद्दाम नगरला आला. लॅबच्या मशीनवर दिवसभर प्यादं चालवायचं म्हणाला. मी चार ठेवली. दिवसभर चाललं, काही झालं नाही. संध्याकाळी त्याने डोळे चोळले.

"म्हंजी कधीतरीच होतंय," तो म्हणाला. "असली चूक लई वाईट. दिसत न्हाई, पण असती."

त्या क्षणी मी सांगू शकलो असतो. तोंड उघडलंही होतं. पण मग 'चारच' म्हणालो होतो त्याचं काय, असं मनात आलं. नुसती सेटिंग चुकली असती तर त्याने दोन शिव्या हासडून सोडून दिलं असतं. मी खोटं बोललो होतो, आणि दर फोनगणिक ते खोटं थोडं थोडं जुनं होत होतं. जुनं झालेलं खोटं काढायला गेलं की सोबत बरंच काही निघून येतं. मी आजचं उद्यावर ढकलत गेलो.

सात-आठ महिन्यांनी त्याने हॅशचा सगळा भाग फेकून दिला आणि नव्याने लिहिला. नवा पहिल्यापेक्षा मंद झाला. मग तोही बदलला. जिथे तिथे जास्तीची तपासणी घातली. प्यादं सावध झालं आणि दुबळं झालं. पुढच्या वर्षी स्पर्धेचं बोलावणं आलं तेव्हा त्याने त्यांना लिहिलं की माझ्या प्रोग्रॅममध्ये मेमरीची एक चूक आहे, ती मला सापडलेली नाही, भरवसा देता येत नाही म्हणून भाग घेत नाही. मी ते त्यांच्या पानावर वाचलं. फोन केला तेव्हा म्हणाला, "सोड. माझ्यानं व्हयाचं न्हाई ते. दूध मोजावं आपण."

त्यानंतर त्याचे फोन कमी झाले. आले तरी इकडचं तिकडचं बोलणं. प्याद्याचं नाव निघायचं नाही, आणि मला त्यामुळे सुटल्यासारखं वाटायचं.

पोटात दुखायला लागलं तेव्हा त्याने ते अंगावर काढलं. पित्त म्हणायचा. निदान झालं तेव्हा कॅन्सर पसरलेला होता. वहिनींनी फोनवर सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज अगदी सपाट होता, जणू दुसऱ्या कुणाचं सांगतायत. "भाऊजी, डॉक्टर म्हणतात, भेटून जा ज्यांना भेटायचंय त्यांनी."

मी तीन दिवसांनी गेलो. तीन दिवस का लागले, तर धीर होत नव्हता. हॉस्पिटलमध्ये तो खिडकीकडच्या खाटेवर होता. इतका बारीक झाला होता की उशीला नीट खळगाही पडला नव्हता. मला बघून हसला. वहिनी औषधं आणायला खाली गेल्या होत्या. आई व्हरांड्यात बसल्या होत्या.

"तुला एक सांगायचंय," मी म्हटलं.

"सांग की."

"त्या शेवटच्या डावात हॅश चार नव्हती. सात होती. मी केली होती."

त्याला आधी कळलं नाही. "कुठल्या डावात?" म्हणाला. मग त्याच्या डोळ्यांत काहीतरी जागं झालं. "सात?"

"हो."

"आठच्या मशीनवर?"

"हो."

"आन् ब्राउझर चालू."

"हो."

त्याने डोळे मिटले. ओठ हलत होते. मला वाटलं त्याला त्रास होतोय, नर्सला हाक मारावी. पण तो हिशोब करत होता.

"मग बरोबर हाय," तो म्हणाला. "चाळिसाच्या पुढं कधीतरी भरलंच असतं." थोडं थांबून म्हणाला, "मी कोरी जागा मागून घ्यायचो, म्हणून सुरुवातीला कळलं न्हाई. पहिल्यांदाच सगळ्या तक्त्यावर एकदा काहीतरी लिहून हात फिरवला असता, तर डाव सुरू व्हायच्या आधीच पडलं असतं. एका ओळीचं काम."

माझ्या चुकीतही तो त्याची राहिलेली ओळ शोधत होता.

मी म्हटलं, "तुझं काही चुकलं नव्हतं. गळती नव्हतीच कधी."

तो खिडकीकडे बघत राहिला. बाहेर उसाच्या ट्रॅक्टरची रांग लागली होती, कुठल्यातरी ट्रॉलीवरचं गाणं वर ऐकू येत होतं. ते संपून दुसरं लागलं.

"मी तुला इचारलं हुतं," तो म्हणाला.

"हो."

"तू सांगितलं असतंस तर मी पुढचं लिहिलं असतं." त्याच्या आवाजात राग नव्हता. "डोक्यात हुतं बरंच."

मी त्याचा हात धरला. त्याने काढून घेतला नाही, पण माझा धरलाही नाही. वहिनी आल्या तेव्हा तो त्यांना म्हणाला, "ह्याला चहा पाज. लांबनं आलाय." आणि कुशीवर वळला.

त्यानंतर मी दोनदा गेलो. एकदा तो गुंगीत होता. एकदा जागा होता, त्याने माझ्या मुलाच्या शाळेची चौकशी केली, नगरच्या उड्डाणपुलाचं विचारलं. त्या गोष्टीबद्दल एक शब्द नाही. त्याने मला माफ केलं होतं की नाही, ते मला कळलं नाही. विचारायची माझी हिंमत झाली नाही, आणि खरं तर विचारायचा हक्कही नव्हता. पुढच्या आठवड्यात तो गेला. प्रवरेच्या काठावर अग्नी दिला तेव्हा मी मागच्या रांगेत उभा होतो. केंद्रावर दूध घालणारी माणसं पुढे होती.

चौदाव्यानंतर वहिनींचा फोन आला. "त्यांचा कॉम्प्युटर तुम्ही घेऊन जा भाऊजी. आम्हाला त्यातलं काही कळत नाही. तुम्हालाच कळेल."

मी गेलो. कॉम्प्युटर केंद्रातून घरी आणून ठेवला होता, वर टॉवेल टाकून. शेजारी एक जाड वही होती, दोनशे पानी, दूध संघाच्या कॅलेंडरचं कव्हर घातलेली. मी उभ्याउभ्याच उघडली. प्याद्याच्या शोधाची वही होती ती. प्रत्येक दुपारची नोंद. चाचणीचा नंबर, काय बदललं, किती तास चालवलं, पुढे 'नाही'. पानामागून पान तेच. 'नाही.' 'नाही.' 'आज वाटलं सापडली, पण नाही.' एका पानावर मुलीने फूल काढलं होतं, त्याच्या बाजूने त्याने नोंद लिहिली होती.

पहिल्या पानावर त्याने संभाव्य कारणांची यादी केली होती आणि तपासून झालेल्या कारणावर एक एक रेघ मारली होती. सगळ्यात वरचं कारण होतं, 'हॅशचा आकडा जास्त'. त्यावर पहिल्याच दिवशी रेघ होती. पुढे लिहिलं होतं: 'चारच होता. त्याने स्वतः ठेवला. तपासायची गरज नाही.'

मला तिथे बसावं लागलं. वहिनींनी पाणी आणलं. त्यांना वाटलं, मित्राच्या आठवणीने झालं. आई जवळ येऊन पाठीवर हात फिरवायला लागल्या. तो हात पाठीवर असताना गप्प बसणं मला जमलं नाही. मी दोघींना सगळं सांगितलं. मेमरी, सिस्टिम, हॅश हे शब्द टाळून सांगितलं: त्याच्या यंत्राला मी झेपेल त्याहून जास्त दिलं, म्हणून ते पडलं, त्याने विचारलं तेव्हा मी खोटं बोललो, आणि तो स्वतःची चूक समजून वर्षभर शोधत बसला.

आईंचा हात थांबला. "म्हंजी माझ्या लेकाचं चुकलं न्हवतं?"

"नाही आई. त्याचं काहीच चुकलं नव्हतं."

"मंग त्यो का म्हनायचा, माझंच कायतरी चुकलंय, माझंच कायतरी चुकलंय? जेवताना बी म्हनायचा."

मी हातातली वही मिटली.

वहिनी दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "त्या वर्षी आम्ही कुठंच गेलो नाही, भाऊजी. माझ्या भावाच्या साखरपुड्याला मी एकटी गेले. मुलगी जत्रेला चला म्हणून रडली, तरी हे उठले नाहीत. मी त्या मशीनला शिव्या दिल्या. ह्यांना पण दिल्या. एकदा म्हटलं, जमत नाही तर कशाला करता." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "ते म्हणाले, खरंय तुझं."

मी काहीतरी बोलायला गेलो. त्यांनी हातानेच थांबवलं.

"कॉम्प्युटर राहू द्या इथं," त्या म्हणाल्या. "वही पण ठेवा. आणि काही दिवस येऊ नका."

मी उठलो, चप्पल घातली. दारापर्यंत कुणी आलं नाही, आणि ते बरोबरच होतं. स्टँडवर नगरची गाडी लागलेलीच होती, तीत बसलो.

घरी आल्यावर मी स्पर्धेच्या पानावर सगळं लिहिलं. मशीन किती जीबीचं, त्याने सांगितलेला आकडा कोणता, मी भरलेला कोणता, लिनक्सने काय केलं, आणि तो विचारत असताना मी काय उत्तर दिलं. प्यादं निर्दोष होतं, आणि ज्याने ते लिहिलं तो आता नाही, हेही लिहिलं. दोन दिवस गेले. मग त्या दिवशी समोरून खेळणाऱ्या परदेशातल्या माणसाने लिहिलं की तो डाव मला अजून आठवतो, तुमच्या मित्राचा प्रोग्रॅम माझ्यापेक्षा चांगला होता. माझ्याबद्दल त्याने काही लिहिलं नाही. स्पर्धा भरवणाऱ्यांनी निकाल बदलला नाही. बदलता येत नव्हता. पण जुन्या निकालाखाली एक टीप घातली: प्रोग्रॅममध्ये दोष नव्हता, मशीनची मेमरी चुकीची लावली गेली होती.

त्या टिपेचं मी मराठी केलं, दोन्ही कागद छापले आणि रजिस्टर पोस्टाने कोल्हारला पाठवले. सोबत पत्र लिहायला बसलो होतो. तीन कागद फाडले आणि शेवटी पत्राविनाच पाकीट बंद केलं.

आठ-दहा दिवसांनी पोच आली. गुलाबी कार्डावर वहिनींची सही नव्हती. आईंची होती, एक एक अक्षर सुटं काढलेली. ते कार्ड माझ्या टेबलाच्या खणात आहे. त्यानंतर तिकडून काही आलेलं नाही.